मांजर पाळलेलं नाही, असतं

ठाणे जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

‘आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला बालदमा आहे. गेल्या वर्षी त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी केली, तीत मांजर निघालं आणि थोडी धुळीचीही ॲलर्जी निघाली. मागच्या दिवाळीत गुहागरजवळ एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी राहिलो. बुकिंग करताना मी स्पष्ट विचारलं होतं, पाळीव प्राणी आहेत का? “नाही हो, आम्ही काही पाळत नाही,” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली. इनहेलर देत रात्र काढली. सकाळी बघतो तर माजघरात गाद्यांच्या चळतीवर मांजर झोपलेलं. मालक म्हणाले, “ते आमचं नाही, येतं-जातं.” आमची फसवणूक झाली, यापुढे कोकण बंद, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. सासूबाईंचं माहेर दापोलीकडचं. त्या म्हणतात, आम्ही मांजरं उशाशी घेऊन झोपलो, कुणाला काही झालं नाही. आता नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी, म्हणजे अकरा जणांनी, तिकडेच जायचं ठरतंय. नणंद तिचा कुत्रा आणणार आहे, त्याचे केस गळत नाहीत म्हणते. नाही म्हटलं तर मी मोडता घातला असं होणार, हो म्हटलं तर रात्री मीच जागणार. मुलगा विचारतो, “माझ्यामुळे रद्द होणार का?” त्यात त्याला मांजरं भारी आवडतात. प्राणी अजिबात नसलेली जागा कोकणात मिळते का, आणि ती शोधायची कशी?’

ताई,

रागावू नका, पण त्या मालकांचं वाक्य वाचून मला आधी हसू आलं. ते माझ्या आजोळचं वाक्य आहे. आमच्याकडे एक बोका होता. त्याला आम्ही एका नावाने हाक मारायचो, शेजारचे दुसऱ्या, आणि वाडीच्या टोकाला राहणाऱ्या आजी तिसऱ्या. तिन्ही घरी तो दूधभात खायचा. ‘तुम्ही मांजर पाळता का’ असं कुणी विचारलं असतं तर तिन्ही घरांनी शपथेवर नाही म्हटलं असतं. कोकणात मांजर पाळत नाहीत, ते असतं. कणगीला उंदीर लागतात, माळ्यावर उंदीर फिरतात, म्हणून ते घरात चालतं. त्याला गळपट्टा नसतो, लस नसते, त्याच्या नावावर खर्च नसतो. ‘पाळीव प्राणी’ म्हटल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांसमोर शहरातल्या पाहुण्यांनी गाडीतून आणलेला कुत्रा आला असणार. त्याने तुम्हाला खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकमेकांना भेटलेच नाहीत.

हे तुमच्या नवऱ्यालाही सांगा. फसवणूक झाली असं धरलं तर मार्ग एकच उरतो, तिकडे न जाणं. प्रश्न चुकला असं धरलं तर तो नीट विचारता येतो.

बुकिंगच्या ॲपवरही हाच घोटाळा आहे. ‘पाळीव प्राण्यांना परवानगी नाही’ याचा अर्थ पाहुण्यांनी आपले प्राणी आणायचे नाहीत, एवढाच. मालकाच्या घरी कोण झोपतं, याबद्दल ती ओळ काहीच बोलत नाही. ती खूण पाहून निश्चिंत होणारी बरीच कुटुंबं असतील. उलट ‘परवानगी आहे’ असं लिहिलेलं असेल तर तेवढं मात्र गंभीरपणे घ्या, कारण तुमच्या आधीच्या शनिवारी त्याच पलंगावर कुणाचा तरी कुत्रा लोळून गेलेला असू शकतो.

आता मांजराच्या ॲलर्जीबद्दल. मी डॉक्टर नाही, पण हे समजल्याशिवाय जागा निवडता येणार नाही. त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, ती लाळ वाळते, तिचे बारीक कण सुटतात. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि इतके चिकट की गादी, पडदा, सतरंजी, माणसाचा सदरा, सगळ्याला धरून राहतात. मांजर घरातून गेल्यावरही ते आठवडेच नव्हे, महिने टिकतात. म्हणून ‘तुम्ही याल त्या दिवशी मांजराला बाहेर काढतो’ असं कुणी प्रेमाने म्हटलं तर आभार माना, पण त्यावर विसंबू नका. आणि म्हणूनच स्वच्छतेचा आणि या त्रासाचा फारसा संबंध नाही. मांजर असलेलं लखलखीत घर तुमच्या मुलाला मांजर नसलेल्या धुळकट घरापेक्षा जड जाऊ शकतं.

हा शेवटचा मुद्दा फोनवर बोलताना फार उपयोगी पडतो. ‘मांजर नाही ना? स्वच्छ आहे ना?’ असं एका दमात विचारलं की समोरच्या बाईला वाटतं, या शहरातल्या लोकांना आपलं घर घाण वाटतंय. मग ती घाईघाईने ‘काही नाही, काही नाही’ म्हणून मोकळी होते. आजाराचं नाव घेऊन विचारलं की आवाज बदलतो. ‘मुलाला धाप लागते’ म्हटल्यावर कोकणातली बाई स्वतःहून चार गोष्टी जास्त सांगते. असा काहीसा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे उत्तरही लेखी येईल:

‘नमस्कार. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. मांजर जिथे झोपतं त्या खोलीत झोपलं की त्याला धाप लागते. घर कितीही स्वच्छ असलं तरी लागते, म्हणून आधी विचारतो. तुमच्या आवारात मांजर किंवा कुत्रा, तुमचा किंवा कुणाचाही, फिरतो का? आम्हाला जी खोली मिळेल तिच्यात तो येतो का? जादाच्या गाद्या कुठे ठेवता, त्यावर मांजर बसतं का? गेल्या महिना-दोन महिन्यांत त्या खोलीत कुणी कुत्रा घेऊन राहिलं होतं का? खिडक्यांना जाळी आहे का? मांजर अंगणात असलं तरी हरकत नाही, आम्हाला फक्त झोपायच्या खोलीचं नक्की कळायला हवं. जमण्यासारखं नसेल तर मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची सोय ठेवली की खरं उत्तर येतं. आणि गाद्यांचा प्रश्न तर मुळीच गाळू नका. चार जणांच्या खोलीत सहा जण झोपवायचे म्हणजे जमिनीवर गाद्या टाकायच्या, आणि त्या गाद्या एरवी माजघरात किंवा माळ्याच्या जिन्याखाली रचलेल्या असतात. मांजराला ऐसपैस झोपायला कोकणी घरात याहून चांगली जागा नाही. तुमच्या मुलाची गादी त्या चळतीतलीच होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझी पैज आहे, होती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. प्राणी अजिबात नसलेली जागा कोकणात शोधू नका. ज्या हॉटेलात प्राण्यांना सक्त मनाई असते, तिथेही खानावळीच्या मागच्या दाराशी तीन मांजरं माशांच्या काट्यांची वाट बघत असतात. शोधायची आहे ती प्राणी न शिरलेली खोली. मूल मांजराच्या आसपास अंगणात पाच मिनिटं असणं आणि मांजराच्या गादीवर दारं लावून नऊ तास झोपणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उघड्यावर वारा असतो, समुद्रावर तर असतोच. सगळा जोर रात्रीच्या खोलीवर लावा, दिवसाला थोडी सूट द्या.

अशी खोली जुन्या चौसोपी घरात सहसा मिळत नाही, हे मला लिहावंसं वाटत नाही, कारण मला तीच घरं आवडतात. पण कौलं आणि भिंत यांच्या फटीतून मांजर कुठूनही उतरतं. तुम्हाला हवी ती मागच्या वाडीत नव्याने बांधलेल्या सुट्या खोल्यांची रांग. वर स्लॅब, खाली फरशी, खिडकीला डासांची जाळी, दार नीट लागणारं, पलंगावर रोजच्या वापरातली गादी. गुहागर, दिवेआगर, नागाव, कर्दे, देवबाग, कुठेही आता मालकांनी जुन्या घराशेजारी अशा खोल्या काढल्या आहेत. जेवण मात्र जुन्या घराच्या पडवीत, म्हणजे मोदकही चुकत नाहीत. एमटीडीसीची गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्ली इथली निवासं हाही एक मार्ग आहे. तिथे कुणाचा संसार नसतो, त्यामुळे घरचं मांजर हा प्रश्न येत नाही, तरी खोलीबद्दल विचारायचं ते विचाराच. कासव महोत्सवाला वेळासला जायचा बेत कधी केलात, तर तिथे गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच सोय असते हे लक्षात ठेवा. ती मजा मुलगा मोठा होऊन त्याचा दमा आटोक्यात आल्यावर.

पहिल्या खेपेला इस्पितळाचं अंतरही मोजा. नागाव अलिबागच्या शेजारी आहे आणि अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरी तासाभराच्या आत येते, तारकर्लीहून मालवण हाकेवर. गुहागरचं गणित मात्र फसवं आहे. दिवसा दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोली जवळ वाटते, सासूबाईंचं माहेरही तिकडेच. पण रात्री दोनला फेरी नसते. तेव्हा चिपळूण गाठायचं, साधारण ४५ किलोमीटर. जाऊच नका असं नाही, पण जाताना हे माहीत असू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचं पत्र परत वाचलं ती गोष्ट. ‘आणि थोडी धुळीचीही’ असं तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. मला वाटतं, त्या रात्रीचा निम्मा गुन्हा तिथे असू शकतो. धुळीची ॲलर्जी म्हणजे बहुतेक वेळा धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्यांची. ते आपल्या कातडीच्या गळलेल्या पापुद्र्यांवर जगतात आणि पाणी हवेतल्या दमटपणातून घेतात. कोकणचा पावसाळा म्हणजे त्यांची दिवाळी. जून ते सप्टेंबर गाद्या बंद खोलीत पडून असतात, भिंतींना बुरशी धरते, आणि पावसाळ्यानंतरची पहिली मोठी गर्दी येते ती दिवाळीला. गादी उलगडल्यावर कुबट वास आला होता का? आला असेल तर मांजर तिथे नसतं तरी मुलगा कदाचित खोकला असता. नुसत्या मांजराच्या मागे लागून, मांजर नसलेली पण कुबट गाद्यांची खोली पसंत केलीत, तर रात्री दोनला परत तेच होईल आणि या वेळी दोष द्यायला मांजरही नसेल.

यावर उपाय आजीबाईंचाच आहे: गाद्या-उशांना ऊन दाखवणं. मालकांना सांगा, ‘आम्ही यायच्या आधी दोन दिवस त्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाका आणि झटका.’ हे वाक्य तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. उन्हाने किडे कमी होतात, पण त्रास देणारी असते ती त्यांची विष्ठा, ती गादीत राहतेच. म्हणून मुलाची उशी घरून न्या, आणि गादीला चढवायची दाट विणीची, चेनवाली खोळ मिळते ती घ्या. एकदाचा खर्च आहे, घरीही कामाला येते. ती माइटना अडवते, मांजराचे कणही बरेचसे अडवते. चादरी-पांघरुणं घरचीच, गरम पाण्यात धुतलेली. दिवाळीपेक्षा नाताळ या दृष्टीने बरा. गाद्या वापरात आलेल्या असतात, हवा कोरडी झालेली असते.

पोचायचं उजेडात. मुलाला अंगणात सोडून एकाने आधी खोली बघायची, वास घ्यायचा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. केरसुणी मारली की सगळं परत हवेत. एसी असेल तर त्याची जाळी धुतली आहे का बघा. उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती खोलीत लावू नका म्हणून सांगा. न्हाणीघराच्या चुलीशेजारची खोली नको म्हणा, सकाळी पाणी तापवताना सगळा धूर तिकडेच येतो. हे चाचणीत निघत नाही, पण दम्याला धूर पुरतो.

औषधांचं मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी कागदावर लिहून घ्या: रोजचं कोणतं, धाप लागल्यावर कोणतं, किती वेळा, आणि कुठल्या क्षणी वाट न बघता इस्पितळ गाठायचं. रोजचा इनहेलर ‘सुट्टीत बरा आहे’ म्हणून बंद करायचा नाही. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, विसरायचा नाही. ॲलर्जीची गोळी ही धाप लागल्यावरचा उपाय नव्हे, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. मूल बोलताना दर दोन शब्दांनी थांबतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसताहेत किंवा इनहेलरचा उतार टिकत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावायचा आणि मालकांना उठवायचं. गाडी कुणाची पटकन निघेल हे त्यांनाच ठाऊक असतं. तुम्ही गेल्या वर्षी एकट्यांनीच रात्र काढलीत, मला ते वाचून धस्स झालं. संकोच वाटला असेल. पुढच्या वेळी वाटू देऊ नका.

नणंदेचा कुत्रा. त्याचे केस गळत नसतील, मान्य, पण कुत्र्याचीही ॲलर्जी लाळेची आणि कोंड्याची असते. ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून जे विकलं जातं त्याला काही आधार नाही. मात्र मांजर आणि कुत्रा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मुलाच्या चाचणीत कुत्र्याचं काय आलं, ते तुम्ही लिहिलं नाही. तो कागद काढा. कुत्रा निघाला नसेल आणि नणंदेच्या घरी मुलाला आजवर काही झालं नसेल, तर उगाच भांडण ओढवू नका. निघाला असेल तर एकच बंगला घेऊन सगळ्यांनी एकत्र राहायचा बेत सोडा.

मग करायचं काय? रात्री झोपायला तुम्ही तिघे वेगळ्या ठिकाणी, चालत पाच मिनिटांवर, आणि सकाळच्या घावनांपासून रात्रीच्या गप्पांपर्यंत सगळ्यांसोबत. निजायच्या आधी अंघोळ आणि कपडे बदलणं, कारण ते कण सदऱ्यावरून येतात. तुम्हाला हे तुटकपणाचं वाटेल. पण कोकणात लग्नघरी अर्धं वऱ्हाड शेजारच्या चार घरांत झोपायचं, आणि त्यावरून कुणी रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. रुसायला मानपान होते.

मुलाला काय सांगायचं? त्याच्यामुळे बेत रद्द होत नाहीये, बदलतोय, हे त्याच्यासमोर ठरवा, त्याच्या मागे नको. खोली तपासायचं काम त्यालाच द्या. जाळी, गादी, वास. आठ वर्षांचं पोर हे पोलिसासारखं करतं. मांजर लांबून बघायचं, हात लावलाच तर लगेच साबणाने धुवायचा आणि डोळे चोळायचे नाहीत. लावणार तो, तुम्ही काही म्हणा.

राहिल्या सासूबाई. ‘आम्ही मांजरांत वाढलो’ हे खोटं नाही. तान्हेपणापासून गाईगुरांत वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी होते असं अभ्यासकांनाही दिसलं आहे. पण ज्याला ती झालीच आहे, त्याला मांजराशेजारी निजवून ती जात नाही. आणि ‘कुणाला काही झालं नाही’ यावर माझा विश्वास नाही. आमच्या आजोळी शेजारचे एक आजोबा रात्रभर ओटीवर झोपाळ्याच्या कडीला धरून बसून असायचे. आम्ही मुलं त्यांच्या खोकल्याने जागी व्हायचो आणि परत झोपायचो. त्यांना दमेकरी म्हणायचे, एवढंच त्यांचं निदान. ते मांजराने होतं, गादीने होतं की चुलीने, कुणी बघितलं नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. निवांत बसल्या असतील तेव्हा विचारा, तुमच्या वाडीत रात्री उठून बसणारं कोण होतं? नाव निघेल.